पासष्टच्या खाली

नेव्हिल कॅचपोलने आयुष्यात कधी बॅटरी विकत घेतली नाही. दर रविवारी सकाळी शेताच्या फाटकाशी गाड्या लावल्या की तो माझ्यापुढे हात पसरायचा. "हेझल, चौकोनी आहे का गं एखादी? माझं गाजर पुन्हा मेलं."

गाजर म्हणजे ती वीतभर नारिंगी कांडी. मोठं मशीन जमिनीवरून फिरवलं की ते सांगतं, इथे खाली धातू आहे. मग खड्डा खणायचा, आणि त्या चिखलात वस्तू नेमकी कुठे आहे ते हुडकायला ही कांडी खुपसायची. नाणं जवळ आलं की ती कुरकुरते. तिला नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लागते आणि नेव्हिलची नेहमी संपलेली असायची. मी देत आले. अकरा वर्षं दिली, आणि कधी घातली ते कळावं म्हणून वर तारीख लिहून दिली. "गॉर्डन गेला आणि मला फुकटात बायको मिळाली," असं तो आमच्या मशीनवाल्यांच्या सगळ्या क्लबासमोर म्हणायचा आणि मी मेली हसायचे.

आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

गॉर्डन माझा नवरा. नेव्हिल त्याचा शाळेपासूनचा मित्र. आमच्या लग्नात चर्चमध्ये घालायची वेळ येईपर्यंत गॉर्डनची अंगठी नेव्हिलच्या खिशात होती, आणि गॉर्डनच्या शवपेटीचा पुढचा कोपरा नेव्हिलच्या खांद्यावर होता. एवढं जवळचं माणूस. म्हणून तर लागलं.

गॉर्डन प्राइकांच्या शेतावर ट्रॅक्टर चालवायचा. नदीच्या वळणावर त्यांचं डव्हहाउस नावाचं शेत आहे. ते नांगरताना एका पट्ट्यात माती काळीभोर निघायची, बाकीच्या सफोक जिल्ह्यात निघते तशी पिवळट नव्हे. गॉर्डनच्या डोक्यात भरलं की ही जुन्या वस्तीची राख आहे, नॉर्मन लोक चढाई करून यायच्याही आधी, म्हणजे हजार वर्षांपूर्वी इथे बाजार भरत असणार. झालं! पबमध्ये त्याला बघितलं की लोक सुरू करायचे. "काय गॉर्डन, तुझ्या बाजारात आज सलगम काय भाव?" "अरे, त्याच्या बाजारात गिऱ्हाईक हजार वर्षं झाली आलेलं नाही!" तो हसून घ्यायचा. घरी आला की जेवायचा नाही.

नेव्हिल मात्र त्या हसणाऱ्यांत नव्हता. उलट त्यानेच गॉर्डनला पहिलं मशीन निवडून दिलं. आठ सेलवर चालणारं, जड, पण दणकट. त्याला एक गोल नॉब होता. तो उजवीकडे फिरवावा तसं मशीन जास्तजास्त गोष्टींकडे दुर्लक्ष करतं. नेव्हिलने त्या नॉबवर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला नि म्हणाला, "गॉर्डन, या ठिपक्याखाली कधी आणू नकोस. नुसता कचरा ओरडत बसेल." गॉर्डनने आठ वर्षं तो ठिपका देवाज्ञेसारखा पाळला. आठ वर्षांत त्याला बटणं मिळाली, घोड्याच्या सामानाची बकलं मिळाली, राणीच्या जमान्यातले मोठे तांब्याचे पेनी मिळाले. बाजार काही मिळाला नाही. शेवटी इस्पितळात माझा हात धरून म्हणाला, "काही नव्हतं गं तिथे. तुझे सगळे रविवार फुकट घालवले मी."

तो गेला त्याच आठवड्यात मी त्याच्या मशीनमधले सेल काढून ठेवले. काढावेच लागतात, नाहीतर फुटून आतला पत्रा खातात. मशीन मागच्या शेडमध्ये खिळ्याला टांगून ठेवलं.

महिनाभराने नेव्हिल दारात. हातात नवंकोरं मशीन. "क्लबातल्या सगळ्यांनी मिळून घेतलंय तुझ्यासाठी. निवडलं मी. बॅटरी आतच बसवलेली आहे, रात्री फोनसारखं लावून ठेवायचं. त्या सेलांची कटकट तुला नको." मी रडले. त्याने माझ्या स्वयंपाकघरात बसून, माझाच चहा पीत, ते मशीन लावून दिलं.

या नव्या मशीनला छोटा पडदा असतो आणि खाली जे असेल त्याचा आकडा त्यावर उमटतो. लोखंड अगदी तळाला, जाड तांबं आणि चांदी वर नव्वदीकडे. "पासष्टच्या खालचं सगळं मी बंद करून टाकलंय," तो म्हणाला. "चॉकलेटचे चंदेरी कागद, बिअरच्या डब्यांच्या कड्या, काडतुसांची बुडं. मशीन त्यांच्यावरून मुकाट्याने जाईल. कशाला उगाच कंबर मोडून घ्यायची तू?" माझी कंबर दुखत होतीच. मी मनात म्हटलं, काय देवमाणूस आहे.

तेव्हापासून दर रविवारी मी पुढे आणि नेव्हिल मागे. दोन मशीनं फार जवळ आली की एकमेकांच्या कानात ओरडतात, म्हणून तो वीस पावलं ठेवून चालायचा, पण माझ्याच ओळीत. डव्हहाउसची परवानगी माझ्या नावावर होती. गॉर्डनची बायको म्हणून प्राइकबाईंनी दिलेली. अट एकच: जे निघेल ते आधी त्यांना दाखवायचं आणि अर्धा वाटा त्यांचा. नेव्हिल म्हणायचा, "शेत तुझं, पहिला मान तुझा. तुझं राहिलेलं मी वेचतो."

आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय!

अकरा वर्षांत मला एवढी बटणं मिळाली की क्लबात माझं नावच बटणवाली पडलं. नेव्हिलला मात्र चार वेळा वर्षातल्या सर्वोत्तम वस्तूचा कप. करंगळीच्या नखाएवढं सोन्याचं नाणं, कागदासारख्या पातळ चांदीचे कापलेले तुकडे, असलं काहीबाही. सगळं गॅलोज हिलला सापडलेलं. गॅलोज हिल म्हणजे त्याच्या मेव्हण्याचं माळरान, तिथे फक्त त्यालाच परवानगी. जिल्ह्याच्या नोंदणीवाल्या बाई दर तीन महिन्यांनी क्लबात येतात, वस्तू बघतात आणि कुठे मिळाली ते लिहून घेतात. आमच्यात वस्तूपेक्षा ती जागा मोलाची. जागा खोटी सांगणं म्हणजे मेलेल्या माणसाच्या कबरीवर दुसऱ्याचं नाव घालणं. त्यांच्या नोंदीत डव्हहाउससमोर लिहिलं होतं: बटणं, बकलं, उल्लेखनीय काही नाही. तिसऱ्या कपाच्या वेळी नेव्हिलसाठी केक मी भाजून नेला होता. अक्रोड घालून.

या वर्षी जुलैत प्राइकबाईंनी मला बोलावलं. त्यांनी डव्हहाउस सौर पॅनेलच्या कंपनीला दिलं होतं. "सप्टेंबर संपला की खांब ठोकायला येतील, हेझल. गहू निघाला की तुझे चार रविवार. मग चाळीस वर्षं कुणाला आत जाता येणार नाही." चाळीस वर्षांनी मी कुठे असणार? मला एकच हवं होतं. त्या नोंदीत, त्या शेतासमोर, गॉर्डनच्या बाजाराची एक तरी वस्तू. एक. म्हणजे पबमध्ये कुणाच्या तरी तोंडावर आपटता आली असती.

आणि नेमकं त्याच वेळी माझं मशीन गेलं. रात्रभर लावून ठेवलं तरी अर्ध्या तासात डोळे मिटायला लागलं. अकरा वर्षं झाली, आतली बॅटरी म्हातारी झाली, आणि बदलून द्यायला ती कंपनीसुद्धा राहिली नव्हती. तीन रविवार असेच अर्ध्या-अर्ध्या तासात संपले. उरला एक. शेवटी मंगळवारी मी गाडी काढली आणि या मशीनांच्या दुकानात गेले.

दुकानात टॅम्सिन नावाची मुलगी होती. तिशीची, नखांत माती, म्हणजे स्वतः खणणारी. तिने मला बरंच विचारलं. खांदा दुखतो का, चिखलात जाता का, दिवसभर चालता की दोन तास. "आतली बॅटरी हलकी पडते," ती म्हणाली, "पण म्हातारी झाली की मशीनच टाकावं लागतं. हे बघा, ह्याची बॅटरी मुठीतून निघते, दुसरी लावता येते. आणि हे एकाच वेळी बऱ्याच लहरी सोडतं, म्हणजे ओल्या मातीत पण फसत नाही." मला आवडलं. मी म्हटलं, "दे. फक्त आधी पासष्टच्या खालचं सगळं बंद करून दे."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"माझ्या मित्राने. त्याच्याकडे चार कप आहेत."

"मग तो स्वतः असं करत नसणार, मिसेस गॅरड. तुमची अंगठी द्या जरा."

मी बोटातली काढून दिली. तिने ती मशीनच्या थाळीखालून फिरवली. बावन्न. मग खणातून चांदीचा एक कापलेला तुकडा काढला, माझ्या नखाहून लहान. चव्वेचाळीस. मग एक चॉकलेटचा कागद चुरगळून टाकला. अठ्ठेचाळीस.

"पातळ सोनं, पातळ चांदी आणि हा कागद, मशीनला सगळं एकच," ती म्हणाली. "कागद खणायची तयारी नसेल तर सोनं मिळत नाही. पहिल्या दिवशी शिकवतो आम्ही हे. तुम्ही किती वर्षं फिरताय अशा?"

मला तिचाच राग आला. कालची पोर मला शिकवतेय! मी काही न बोलता मशीन घेऊन निघाले आणि तीन मैलांवर गाडी बाजूला घेऊन थांबले. अकरा वर्षं मी पुढे चालत होते, कानात बोळे घालून, आणि मागून तो.

पण माणसाने एकदम कुणावर आळ घेऊ नये. मी स्वतःला समजावलं, हेझल, तो मूर्खही असेल. त्यालाही कुणीतरी पासष्ट सांगितलं असेल, तोही तसाच फिरत असेल, आणि गॅलोज हिलला खरंच घबाड असेल. मूर्ख माणसाला माफ करता येतं. माझ्या ओळखीत मूर्खांवाचून दुसरं आहेच कोण? त्याचं स्वतःचं मशीन त्याने कधी कुणाच्या हातात दिलं नव्हतं, म्हणून नक्की काही कळत नव्हतं.

बुधवारी तो चहाला आला. नवं मशीन बघून खूश. "अरे वा, म्हातारे! आण इकडे, लावून देतो."

मी दिलं. समोर बसून त्याचा अंगठा बघत राहिले. साठ, एकसष्ट, चौसष्ट, पासष्ट. थांबला.

"झालं. आता डोळे झाकून चाल."

"तुझंपण इतकंच आहे ना रे?"

"अगदी इतकंच," तो म्हणाला आणि तिसरं बिस्कीट घेतलं. "पासष्टच्या खाली मी बघतसुद्धा नाही."

तो गेल्यावर मी सगळं मोकळं केलं, शून्यापर्यंत. मग कपाटातून गॉर्डनची लग्नाची अंगठी काढली. इस्पितळातून पाकिटात घालून दिलेली, तशीच होती. स्वयंपाकघरात जमिनीवर ठेवून थाळी फिरवली. सत्तावन्न.

रविवारी सकाळी सहाला मी डव्हहाउसला गेले, एकटी. धुकं होतं. गव्हाची धसकटं ओली होती. फाटक आणि पलीकडचं वाळलेलं झाड यांच्या सरळ रेषेत, कुंपणापासून साठ पावलांवर, मातीचं ढेकूळ नीट कापून उचललं, चार बोटं खाली अंगठी ठेवली आणि ढेकूळ परत बसवलं. गॉर्डनला म्हटलं, रागावू नकोस. मग गाडीत जाऊन बसले. हिशोब साधा होता. नेव्हिल खरंच पासष्टवर असेल तर तो तिच्यावरून चालत जाईल. मी मनापासून तेच मागत होते. चालून जा रे बाबा. मूर्ख नीघ, पण चालून जा.

नऊला तो आला. हात पसरला. "चौकोनी आहे का गं?"

मी दिली. वर तारीख लिहिलेली, त्याच दिवसाची.

आम्ही निघालो. मी पुढे, कानांवर हेडफोन, त्या झाडाकडे नजर. साठाव्या पावलाला माझ्या कानात आवाज आला, छान गोल आवाज. पडद्यावर सत्तावन्न. मी पाऊलसुद्धा अडखळू दिलं नाही. वीस पावलं गेले, तीस गेले. मग बुटाची नाडी सुटल्याचं सोंग करून वाकले आणि काखेतून मागे पाहिलं.

नेव्हिल थांबला होता.

त्याने थाळी उभी फिरवली, आडवी फिरवली. माझ्याकडे पाहिलं. मी नाडीच बांधत होते. मग तो गुडघ्यावर बसला, ढेकूळ उचललं आणि गाजर आत खुपसलं. मी एका कानावरचा हेडफोन सरकवला होता. सकाळच्या शांततेत मला ते तीस पावलांवरून ऐकू आलं, माझ्या बॅटरीवर कुरकुरताना. त्याने काहीतरी उचललं, अंगठ्याने पुसलं आणि जाकिटाची चेन उघडून आतल्या खिशात ठेवलं. कचऱ्याची पिशवी त्याच्या कमरेला होती, तिच्याकडे हातसुद्धा नेला नाही.

पण मी त्याला एक संधी दिली, देव साक्षी आहे. मी वळले आणि हाक मारली, "काय रे, काही आहे का?"

"कसलं काय! चॉकलेटचा कागद."

मी चालत त्याच्यापाशी गेले. अजूनही वाटत होतं, आता हसेल, अंगठी काढेल, म्हणेल हेझल, हे बघ काय सापडलं.

"बघू."

"कागदात काय बघायचंय, बाई? चल, उन्हं वर यायच्या आत ती कड संपवू."

"नेव्हिल, कागद पासष्टच्या खाली असतो."

"असतो की."

"मग तुझ्या मशीनला तो ऐकू कसा आला?"

तो म्हणाला, "कधीकधी चुकून वर दाखवतं."

"आतल्या खिशातलं काढ."

"हेझल, तुला बरं वाटत नाहीये का?"

"गॉर्डनची अंगठी आहे ती," मी म्हटलं. "आज सकाळी सहाला मी पुरली. चव्वेचाळीस वर्षांपूर्वीही ती तुझ्याच खिशात होती. तेव्हा निदान मागितल्यावर काढून दिली होतीस."

त्याचा चेहरा मी विसरणार नाही. आधी लाल, मग राखाडी. चेन उघडायला त्याला वेळ लागला. अंगठी माझ्या तळहातावर ठेवली तेव्हा ती त्याच्या अंगाने गरम झाली होती. मला किळस आली.

"तुला सांगणारच होतो," तो म्हणाला.

"कधी? पाचव्या कपाच्या वेळी? गॅलोज हिलचं खरं काय आहे, ते सांग."

"काही नाही तिथे. दगड आहेत."

"सोन्याचं नाणं?"

त्याने हनुवटीने नदीकडे दाखवलं. काळ्या मातीच्या पट्ट्याकडे. "तिथलं. सगळं तिथलंच."

"अकरा वर्षं माझ्या टाचांमागून गोळा करत होतास, हरामखोरा! प्राइकबाईंना वाटा द्यायला नको, मला सांगायला नको. गॉर्डनच्या शेतावर तू कप मिळवलेस आणि मी तुला केक भाजून घातला!"

तेव्हा तो उलटला. चोर तो चोर, वर शिरजोर. "ओरडू नकोस. नोंद गॅलोज हिलची आहे, माझ्या सहीची. जा, सांग कुणाला सांगायचं ते. बटणवालीचं कोण ऐकणार? उद्या तर इथे खांब ठोकताहेत."

खरं होतं ते, म्हणून जास्त लागलं. पण ते बोलताना तो माझ्या मशीनकडे बघत होता आणि मला त्यावरून गॉर्डनचं मशीन आठवलं. मी आवाज खाली आणला.

"नेव्हिल. गॉर्डनच्या नॉबवर ठिपका तू दिला होतास."

त्याने गाजर पुसून कमरेला अडकवलं.

"त्याच्या मागूनही तूच चालायचास. आठ वर्षं. तुला तेव्हापासून माहीत होतं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. गुडघ्यावर बसला, माती हाताने खड्ड्यात लोटली, ढेकूळ बसवलं आणि बुटाने दाबून सपाट केलं. खड्डा उघडा ठेवायचा नाही, हे आमच्यात अंगवळणी पडलेलं असतं. मग मशीन उचललं आणि फाटकाकडे चालू लागला. चौकोनी बॅटरी तेवढी घेऊनच गेला.

मी घरी जाऊन रडू शकले असते. पण उद्या खांब येणार होते. अंगठी अंगठ्यात घातली, काळ्या पट्ट्यावर गेले आणि जे जे ओरडलं ते ते खणलं. चॉकलेटचे कागद खणले, डब्यांच्या कड्या खणल्या, काडतुसांची बुडं खणली. प्रत्येक वेळी उठताना कंबर शिव्या देत होती नि मी नेव्हिलला देत होते. अडतिसावा खड्डा चार वाजता खणला. आकडा त्रेचाळीस. माझ्या गाजराने ढेकळाच्या कडेला कुरकुर केली. मी माती फोडली, तर चांदीच्या नाण्याचा पाव तुकडा, कात्रीने कापलेला. पूर्वी सुट्टे नसले की नाणंच कापून द्यायचे. घरात कोण नाणी कापत बसेल? ती कापतात बाजारात.

मी जागेचा फोटो काढला, फोनवरचे जागेचे आकडे लिहिले आणि तशीच चिखलाच्या बुटांनी प्राइकबाईंकडे गेले. त्यांनी चष्मा लावून तुकडा पाहिला. "एवढंसंच?"

"सुट्टे पैसे आहेत, प्राइकबाई. बाजारातले."

त्यांनी तुकडा माझ्या तळहातावर परत ठेवला. मग म्हणाल्या, "म्हणजे आपला गॉर्डन बरोबर होता."

"हो," मी म्हटलं. तिथवर मी ठीक होते.

घरी आल्यावर शेडमध्ये गेले. गॉर्डनचं मशीन खिळ्यावरून काढलं, जाळी झटकली. खणातून आठ नवे सेल आणले, सवयीने प्रत्येकावर तारीख लिहिली आणि घातले. दिवा लागला. नॉब ठिपक्यावरच होता, अकरा वर्षं कुणी हलवला नव्हता. मी अंगठ्यातली अंगठी काढली आणि थाळीसमोरून फिरवली. मशीन गप्प. दुपारचा चांदीचा तुकडा फिरवला. गप्प. पुन्हा एकदा, अगदी चिकटवून फिरवला. चकार शब्द नाही.

मग मी नॉब ठिपक्याच्या खाली आणला, बोटाच्या पेराएवढाच, आणि अंगठी पुन्हा फिरवली. मशीन एवढ्या मोठ्याने ओरडलं की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. तुकडा फिरवला, पुन्हा ओरडलं.

मी तिथेच उलट्या बादलीवर बसले. काही नव्हतं गं तिथे, असं म्हणत माझा माणूस मेला.